वाचकांचे प्रश्न : सीरियल पोर्टवरचे बाइट हरवतात कुठे?

प्रश्न : आमच्या कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसरच्या बोर्डवर फ्रीआरटॉस ही छोटी रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम चालते. एका सेन्सरकडून १,१५,२०० बॉड (इथे सेकंदाला बिट) वेगाने ६४ बाइटची पाकिटे सीरियल पोर्टवर एकापाठोपाठ येतात. एवढेच काम चालू असताना एकही बाइट चुकत नाही. मात्र आतल्या फ्लॅशमध्ये नोंदी लिहिणारा टास्क सुरू केला की पाकिटे अर्धवट येऊ लागतात. वाचणाऱ्या टास्कची प्रायॉरिटी सर्वांत वर नेली, तरी फरक पडला नाही. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये काय चुकत असावे?

उत्तर : प्रायॉरिटी वाढवूनही फरक पडला नाही, हाच तुमच्या पत्रातला सर्वांत उपयोगी पुरावा आहे. बाइट बहुधा टास्कपर्यंत पोहोचण्याआधीच हरवत आहेत. आठ डेटा बिट, एक स्टार्ट बिट आणि एक स्टॉप बिट धरले तर एका बाइटला १० बिट लागतात, म्हणजे या वेगाला साधारण दर ८७ मायक्रोसेकंदांनी नवा बाइट येतो. यूआर्टमध्ये (सीरियल पोर्ट सांभाळणाऱ्या हार्डवेअरमध्ये) फिफो, म्हणजे आलेले बाइट रांगेत ठेवणारी छोटी जागा, नसेल, तर आधीचा बाइट तेवढ्या वेळात उचलला गेलाच पाहिजे. नाहीतर ओव्हररन होतो आणि एक बाइट कायमचा जातो. टास्कची प्रायॉरिटी ही शेड्यूलरपुरती, म्हणजे कोणता टास्क आधी चालवायचा हे ठरवणाऱ्या भागापुरती असते. इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरने चालू काम थांबवून मागितलेली तातडीची दखल, किती लवकर चालेल, हे तिच्यावर ठरत नाही.

म्हणून कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी दोन काउंटर ठेवा. इंटरप्ट हँडलरमध्ये (इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) ओव्हररनचा फ्लॅग लागलेला दिसला की पहिला वाढवा, आणि सॉफ्टवेअर बफर भरल्यामुळे बाइट टाकून द्यावा लागला की दुसरा. पहिला वाढला तर हँडलर चालायलाच उशीर होतो आहे. दुसरा वाढला तर बफर अपुरा आहे किंवा टास्क मागे पडतो आहे. असे काउंटर प्रत्येक सीरियल ड्रायव्हरमध्ये कायमचे असावेत, असे माझे ठाम मत आहे, कारण त्यांच्याशिवाय केलेली प्रत्येक दुरुस्ती हा अंदाज असतो.

तुमच्याकडे पहिला काउंटर वाढेल, असे मला वाटते. बऱ्याच मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्राम ज्या फ्लॅश बँकेतून चालतो तीच बँक लिहिली किंवा पुसली जात असताना प्रोसेसरला पुढची सूचना वाचताच येत नाही, आणि एक सेक्टर पुसायला शेकडो मिलिसेकंद लागू शकतात. त्या काळात इंटरप्टची प्रायॉरिटी कितीही वर असली तरी फ्लॅशमधला हँडलर चालू शकत नाही. उपाय असा की बाइट स्वीकारण्याचे काम डीएमएकडे (प्रोसेसरला न गुंतवता डेटा थेट मेमरीत नेणाऱ्या हार्डवेअरकडे) सोपवावे, त्याला रॅममध्ये वर्तुळाकार बफर द्यावा आणि लाइन शांत झाल्यावर येणाऱ्या आयडल इंटरप्टने टास्कला जागे करावे. बफरचा आकार मनाने ठरवू नका. सेकंदाला ११,५२० बाइट येतात. खोळंबा पाव सेकंदाचा असेल तर २,८८० बाइट साठवावे लागतील, तेव्हा ४,०९६ बाइटचा बफर घ्यावा. एवढी रॅम नसेल, तर नोंदी दुसऱ्या बँकेत किंवा बाहेरच्या फ्लॅशमध्ये लिहाव्यात.

डीएमए आले तरी इंटरप्टची प्रायॉरिटी तपासायची राहतेच. कॉर्टेक्स-एममध्ये इंटरप्टचा आकडा जितका लहान तितकी प्रायॉरिटी वरची. फ्रीआरटॉसच्या टास्कमध्ये नेमके उलटे. शिवाय रिसेटनंतर प्रत्येक इंटरप्टचा आकडा ०, म्हणजे सर्वांत वरचा असतो. फ्रीआरटॉसच्या ‘कॉन्फिग मॅक्स सिसकॉल इंटरप्ट प्रायॉरिटी’ या सेटिंगची मर्यादा ५ असेल, तर ० ते ४ या प्रायॉरिटीच्या हँडलरमधून ‘फ्रॉम आयएसआर’ प्रकारची, म्हणजे खास हँडलरसाठी असलेली फ्रीआरटॉसची फंक्शनसुद्धा वापरता येत नाहीत. वापरली, तर कर्नलच्या आतल्या याद्या बिघडतात आणि सिस्टिम पुढे केव्हातरी, भलत्याच ठिकाणी कोसळते. तेव्हा यूआर्ट आणि डीएमए या दोन्ही इंटरप्टना ५ किंवा त्याहून मोठा आकडा स्वतः लिहून द्यावा. प्रायॉरिटीचे ४ बिट असलेल्या चिपवर ही मर्यादा वरच्या बिटांत लिहायची असते, म्हणजे ५ च्या जागी ८०; तिथे नुसते ५ लिहिणे ही फार नेहमीची चूक आहे. ‘कॉन्फिग असर्ट’ ही फ्रीआरटॉसची चुका पकडणारी तपासणी चालू ठेवली, तर प्रायॉरिटीची बरीचशी गफलत चाचणीतच पकडली जाते.

प्रश्न : १६ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर ९,६०० बॉडला सर्व ठीक चालते, पण १,१५,२०० ला चुकीची अक्षरे येतात. ड्रायव्हर तोच आहे. असे का?

उत्तर : ड्रायव्हरपेक्षा भागाकाराकडे पाहा. यूआर्ट आपला वेग क्लॉकला १६ ने आणि एका भाजकाने भागून मिळवतो. क्लॉकला १६ आणि बॉड रेटने भागले की ८.६८ येतात, भाजक पूर्णांकच असेल तर ९ घ्यावे लागतात, प्रत्यक्ष वेग १,११,१११ होतो आणि चूक साडेतीन टक्क्यांवर जाते. ९,६०० ला भाजक १०४ येतो आणि चूक केवळ ०.१६ टक्के राहते. रिसीव्हर स्टार्ट बिटपासून वेळ मोजत दहाव्या बिटापर्यंत जातो, त्यामुळे दोन्ही टोकांची मिळून पाच टक्क्यांच्या आसपास चूक झाली की तो शेजारच्या बिटात घसरतो. आपल्या बाजूची चूक दोन टक्क्यांच्या आत ठेवावी. चिपमध्ये अपूर्णांकी भाजकाची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर १४.७४५६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल घ्या, त्यावर भाजक नेमका ८ येतो.