चौथ्या पिढीतले नॉर्न खाईनासे झाले तर आधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्रिएचर्स ३ आणि डॉकिंग स्टेशन हे नॉर्न नावाचे कृत्रिम जीव पाळायचे दोन संगणकीय गेम जोडून खेळताय, दोन जोड्यांपासून सुरुवात केलीत, तीन पिढ्या चांगल्या गेल्या. आता चौथ्या पिढीतली पिल्लं समोर फळ असूनही खात नाहीत, भिंतीवर धडका मारत राहतात आणि दोन पिल्लं मोठी व्हायच्या आतच गेली. वंश बिघडला का, आणि सगळं पुसून नव्यानं सुरुवात करावी का, असं तुम्ही विचारलंय.

पुसू नका. तीन पिढ्या सांभाळलेला वंश हातात असताना तो एका संशयावरून टाकून देणं मला पटत नाही. बिघाड रक्तात आहे की संगोपनात, हे आधी ठरवू या, कारण दोन्हींवरचे उपाय अगदी उलटे आहेत.

त्यासाठी मी नेहमी एकच चाचणी करतो. गेमबरोबर आलेल्या मूळ वाणाचं, म्हणजे पहिल्या पिढीचं, एक ताजं अंडं घ्या आणि तुमच्या वंशातलं एक घ्या. दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी उबवा. दोन्ही पिल्लांना सारखंच वाढवा: तेच खाणं, तेच शब्द, तितकाच वेळ. मूळ वाणाचं पिल्लूही उपाशी राहून भिंतीला धडकत असेल, तर तुमच्या वंशाचा काही दोष नाही, दोष त्या जागेत आहे. मूळचं पिल्लू मजेत खातंय आणि तुमचंच तेवढं खात नाही, असं झालं तर जनुकांकडे वळायचं. घाई न करता ही चाचणी दोनदा करा, कारण एका पिल्लावरून काही ठरत नाही.

माझा अंदाज विचाराल तर दोष जागेत निघेल. पहिल्या पिढीचे चौघं होते तेव्हा घर रिकामं होतं. प्रत्येकाला तुम्ही स्वतः एकेक शब्द शिकवलात, फळापाशी नेलंत, खाल्लं की गोंजारलंत. चौथ्या पिढीपर्यंत त्याच खोलीत दहाबारा जण झाले असणार आणि तुमचे हात तर तेवढेच राहिले. पिढी बदलली तसं घरही बदललं, पण आपल्या डोळ्यांना फक्त पिढी दिसते.

नॉर्न कसा चालतो हे थोडं समजून घेतलं की हे लख्ख दिसतं. मिलेनियम इंटरॅक्टिव्ह कंपनीनं बनवलेला पहिला गेम १९९६ मध्ये आला, तेव्हा त्याचे जनक स्टीव्ह ग्रँड यांनी नॉर्नच्या डोक्यात सुमारे १,००० न्यूरॉन आणि ५,००० च्या आसपास जोडण्या बसवल्या होत्या. पुढच्या भागांत मेंदू बदलत गेला, पण मूळ कल्पना तीच राहिली. 'भूक लागली की खा' असा हुकूम आत कुठेही लिहिलेला नाही. भूक वाढली की खाण्याकडे थोडा कल असावा, एवढंच जन्मजात मिळतं. बाकीचं अनुभवातून पक्कं होतं. त्यात नॉर्नचं लक्ष एका वेळी एकाच प्रकारच्या वस्तूवर असतं. आजूबाजूला सात नॉर्न बागडत असतील तर त्याचं लक्ष पुन्हा पुन्हा दुसऱ्या नॉर्नकडे जातं आणि फळ तसंच पडून राहतं. अशा गर्दीत जन्मलेलं पिल्लू खाणं शिकण्याआधी ढकलाढकली शिकतं.

शिकलेलं काही रक्तातून खाली येत नाही, हेही लक्षात घ्या. आजीला सगळे शब्द येत असले तरी नातीला जन्मतः एकही येत नाही. येतो तो फक्त जन्मजात कल. त्यामुळे दर पिढीला पहिल्यापासून शिकवावं लागतं, आणि एका वेळी दोन-तीनपेक्षा जास्त पिल्लं मनापासून शिकवणं मला तरी आजवर जमलेलं नाही. म्हणून अंडं दिसलं की ते बाजूला नेऊन ठेवतो. शांत कोपरा, एकदोन खेळणी, भरपूर खाणं, आणि शक्य तर एखादा समजूतदार मोठा नॉर्न सोबतीला. एवढ्यावर माझी बहुतेक 'बिघडलेली' पिल्लं सुधारली आहेत.

शिक्षेबद्दल एक गोष्ट अगदी जवळून पाहिलेली सांगतो. एक पिल्लू फळापाशी जाऊन वळलं आणि चेंडूकडे गेलं. 'खाल्लं का नाहीस' म्हणून मी त्याला चापट मारली. माझ्या लेखी ती फळ सोडल्याची शिक्षा होती. पण चापट बसली त्या क्षणी त्याचं लक्ष चेंडूवर होतं. शिक्षेचं रसायन त्या वेळी चाललेल्या कृतीला आणि त्या वेळी समोर असलेल्या वस्तूला चिकटतं. तीन-चार वेळा असं झाल्यावर ते पिल्लू चेंडूला शिवेना, आणि खाणं तर तिथेच राहिलं. तेव्हापासून न खाण्याबद्दल मी कोणालाच मारत नाही. फळ उचलून पिल्लाच्या पुढ्यात ठेवतो, 'खा' म्हणतो आणि पहिला घास घेतल्याबरोबर गोंजारतो. त्या एका क्षणासाठी पाच मिनिटं थांबावं लागलं तरी थांबतो.

भिंतीच्या धडकांची फार काळजी करू नका. गेमच्या या भागात अगदी निरोगी नॉर्नही ते करतात. बऱ्याचदा पलीकडच्या कशाच्या तरी ओढीनं ते चालत असतात आणि मध्ये भिंत येते. उचलून दुसऱ्या खोलीत ठेवा, समोर काही वस्तू ठेवा. तेवढ्या एका लक्षणावरून कोणाला वंशातून बाद करू नका.

आता चाचणीत तुमचंच पिल्लू नापास झालं असं धरू. इथे नॉर्नची वीण आपल्या ओळखीच्या प्राण्यांपेक्षा वेगळी आहे, आणि तो फरक माहीत नसल्यामुळे खूप जण चांगले वंश मोडतात. कुत्र्या-मांजरांत प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तरी दुसरी सांभाळून घेते आणि दोष पिढ्यान्‌पिढ्या दडून राहतो. नॉर्नकडे जनुकांची एकच माळ असते. आई आणि बाप यांच्या माळा शेजारी ठेवून, मध्येच कुठेतरी तोडून, काही तुकडे हिच्याकडून आणि काही त्याच्याकडून घेत पिल्लाची माळ तयार होते. हे होताना कधी एखादं जनुक गळतं, कधी दुप्पट होतं, कधी त्यातला एखादा आकडा बदलतो. याचा उपयोग असा की ज्या पिल्लात दोषी जनुक आलं नाही ते पूर्ण स्वच्छ असतं. पुढे त्याच्या पोटी तो दोष परत येईल अशी भीती उरत नाही.

माझ्याकडे सातव्या पिढीत ठकी नावाची मादी होती. स्वभावानं गोड, पण सतत खात असायची. झोपायलाही जात नसे. या भागात भुका तीन आहेत, प्रथिनांची, पिष्टाची आणि चरबीची, आणि तिच्या रसायनांचा आलेख उघडला तेव्हा त्यातल्या एका भुकेची रेष खाल्ल्यावरही खाली येत नव्हती. बाकीच्या दोन रेषा नीट उतरत होत्या. तिची माळ आईच्या माळेशी लावून पाहिली, तर एका रासायनिक क्रियेच्या जनुकात एकच आकडा बदललेला निघाला. बिचारी पोट भरल्याची जाणीवच होत नसल्यामुळे खात होती. इतके दिवस मी तिला हावरी समजत होतो, याचं मला फार वाईट वाटलं.

ठकीला मी वंशातून काढलं नाही. तिच्याशी नातं नसलेला एक धडधाकट नर आणून दोनदा वीण घेतली. चार पिल्लांपैकी दोघांत तो बदललेला आकडा आला, दोघांत नाही. त्या दोघांवरून वंश पुढे चालला आणि ठकीचा शांत स्वभावही टिकल्यासारखा वाटला. नंतरच्या पिढ्यांत तो दोष एकदाही दिसला नाही, दिसणं शक्यही नव्हतं. 'खाण तशी माती' ही म्हण इथे अर्धीच लागू पडते: खाणी दोन असतात, आणि माती कुठली उचलायची ते दर वेळी नव्यानं ठरतं.

एक मोठा अपवाद मात्र आहे. काही जनुकं फक्त मादीत चालू होतात, काही फक्त नरात. दुसऱ्या बाजूकडे ती असतात, पण गप्प असतात. गर्भारपणाशी निगडित दोष नराच्या माळेत निवांत बसून राहतो आणि त्याच्या मुलींत उगवतो. म्हणून नर निवडताना त्याच्याकडे बघून भागत नाही. दुधासाठी वळू निवडताना त्याच्या मुलींचं दूध बघतात, तसंच इथे नराच्या बहिणी आणि मुली बघायच्या. माद्यांच्या बाबतीत याच्या उलट, त्यांचे भाऊ आणि मुलगे.

दुसरा खुणेचा दगड म्हणजे वय. जनुक कधी चालू व्हायचं तो टप्पाही त्यातच लिहिलेला असतो: जन्मताना, बालपणी, किशोरवयात, पुढे म्हातारपणापर्यंत. भावंडं नेमक्या एकाच टप्प्यावर पोचल्याबरोबर जात असतील तर रक्तावर संशय घ्या. एक तासाभरात गेलं, दुसरं बऱ्याच उशिरा, तिसरं ग्रेंडेलच्या, म्हणजे गेममधल्या मारकुट्या जीवाच्या, हातून मार खाऊन, असं विस्कळीत चित्र असेल तर रोगराई, उपासमार आणि मारामारी आधी तपासा.

रंगावरून जोड्या लावण्याची सवय तुम्हाला असेल तर थोडी आवरा. रंगाचं जनुक एकटं येत नाही. माळ तुकड्यांनी तुटते, त्यामुळे त्याच्या शेजारची जनुकंही बहुतेक वेळा बरोबर येतात. सलग चार पिढ्या गडद रंगाची पिल्लं निवडलीत तर शेजारी बसलेली एखादी खोडही तुम्ही तितक्याच निष्ठेनं निवडत आलेले असता. मला सुंदर नॉर्न आवडतात, पण जोडी लावताना मी आधी नीट खाणारा, नीट झोपणारा आणि गोंजारल्यावर जवळ येणारा बघतो. हाताने बनवलेले वेगळ्या रचनेचे वाण मिसळतानाही जपून. एकेकटे ठणठणीत असलेले दोन वाण जोडले की त्यांच्या माळा नीट जुळत नाहीत आणि पिल्लात महत्त्वाचं काहीतरी हरवतं.

आपोआप चांगला वंश निघेल म्हणून सगळ्यांना मोकळं सोडून देण्याचा मार्ग काही जण सुचवतील. जुने खेळाडू त्याला वुल्फलिंग रन म्हणतात. बघायला तो विलक्षण असतो आणि मी तो आवर्जून करतो, पण त्यातून हुशार नॉर्न निघतील ही अपेक्षा ठेवू नका. तिथे टिकतो तो लवकर आणि वारंवार वीण देणारा. कधी कधी वय वाढणंच मंदावलेला नॉर्नही निघतो. ऐकायला ते वरदान वाटतं, पण गेममध्ये एकूण संख्येला मर्यादा असते. न मरणाऱ्यांनीच जागा भरली की पुढची पिढी अडते. माझा एक वंश असा चार म्हाताऱ्यांपाशी येऊन थांबला होता. त्यांना फाइलमध्ये बाहेर काढल्यावरच नवी अंडी आली.

बाहेर काढण्यावरून आठवलं, प्रत्येक पिढीतला एक नर आणि एक मादी प्रत काढून जपून ठेवा. नॉर्न फाइलमध्ये मेंदूसकट राहतो. पुढे दोष सापडला की तो कोणत्या पिढीत शिरला ते या प्रतींवरून कळतं, आणि मागे जाऊन तिथून नवी फांदी फोडता येते. सोबत वहीत नाव, आई, बाप, मेलं तो टप्पा आणि दिसलेलं कारण एवढं लिहा. माझ्या वहीत आज एकोणचाळीस पिढ्या आहेत आणि मी ती आजही गेमपेक्षा जास्त वेळा उघडतो.

तर आज एवढं करा: अर्ध्या नॉर्नांना दुसऱ्या टेरॅरियममध्ये, म्हणजे गेममधल्या दुसऱ्या बंदिस्त अधिवासात, हलवा, तुमच्या वंशातलं एक अंडं आणि मूळ वाणाचं एक अंडं शांत जागी एकत्र उबवा. आणि गेलेली दोन पिल्लं नर होती की मादी, सख्खी होती का, आणि कोणत्या टप्प्यावर गेली ते मला सांगा. दोन्ही माद्या असतील, एकाच टप्प्यावर गेलेल्या असतील आणि त्यांची आई अजून ठणठणीत असेल, तर आपण आधी बापाची माळ उघडू.