लिनक्सवर यूएसबी माऊस जरा वेळ थांबला की झोपतो, क्लिक केल्यावरच जागा होतो. काय करू?

क्लिकने जागा होतोय म्हणजे माऊस आणि ड्रायव्हर दोन्ही धडधाकट आहेत. नवा माऊस घेऊ नका. ही वीजबचतीची करामत आहे. एरवी कर्नल (लिनक्सचा गाभा) माऊसला झोपवत नाही, पण बॅटरी वाचवायला पॉवरटॉप (powertop) या वीजबचतीच्या टूलचं ऑटो-ट्यून, म्हणजे सगळ्या बचती एकदम चालू करणारा पर्याय, चालवलं असेल (लोक हमखास चालवतात), तर 2 सेकंद हालचाल नसली की माऊसही झोपतो.

टर्मिनलमध्ये सुडो (sudo, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून पॉवरटॉप उघडा, टॅब दाबत ‘ट्यूनेबल्स’वर जा आणि माऊसच्या ओळीवर एंटर मारा. ‘गुड’चं ‘बॅड’ (म्हणजे माऊसची वीजबचत बंद) झालं की काम झालं! रीबूटनंतर पुन्हा तेच होत असेल, तर सुरू होताना आपोआप चालणारी पॉवरटॉपची सर्व्हिस सिस्टिमसीटीएल (systemctl) कमांडने डिसेबल करा. माऊस अजिबातच हलत नसेल तर गोष्ट वेगळी. आधी तो एलएसयूएसबी (lsusb, जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणारी कमांड) च्या यादीत दिसतो का बघा.