आपल्या क्वेसारच्या ‘टाऊ’विषयी

झेडटीएफ या आकाश-सर्वेक्षणातून मिळालेल्या आपल्या क्वेसारच्या (महाकाय कृष्णविवरामुळे झळाळणाऱ्या दूरच्या दीर्घिका-केंद्राच्या) चार वर्षांच्या प्रकाशवक्रावर, म्हणजे काळानुसार बदलणाऱ्या तेजाच्या आलेखावर, ऑर्नस्टाइन-उलनबेक प्रारूप (सरासरीकडे परतणाऱ्या यादृच्छिक चढउतारांचे गणिती वर्णन) बसवून आपल्याला टाऊ, म्हणजे आधीच्या चढउताराचा प्रभाव ओसरायला लागणारा काळ, सुमारे ३५० दिवस मिळाला आहे आणि त्यावरून कृष्णविवराचे वस्तुमान काढावे का, असे आपण विचारले आहे. याच प्रश्नाने मलाही पूर्वी फार छळले असल्याने थोडे सविस्तर लिहितो. प्रारूपाचे गणित आपल्याला येतेच.

माझ्या मते काढू नये. निरीक्षणकाळ टाऊच्या किमान दहापट नसेल, तर मिळणारा आकडा कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीबद्दल फारसे काही सांगत नाही, हे खगोलशास्त्रज्ञ कोझलोव्स्की यांनी २०१७ मध्ये दाखवले; खरा टाऊ फार मोठा असला, तरी उत्तर निरीक्षणकाळाच्या वीस-तीस टक्क्यांपाशी येऊन थांबते. आपले ३५० दिवस नेमके त्याच पट्ट्यात बसतात. खात्री करायची असेल, तर हजार-दोन हजार दिवसांचा टाऊ धरून कृत्रिम प्रकाशवक्र तयार करावेत, त्यांना आपल्याच निरीक्षणांच्या तारखा आणि त्रुटी द्याव्यात, आणि प्रारूप पुन्हा बसवून पाहावे.

मला मात्र सर्वांत महागात पडले ते विदा (निरीक्षणांचे आकडे) पुरवणारे एक अभिलेखागार. त्याचे नाव घेत नाही. कॅमेरा बदलल्यानंतरची निरीक्षणे त्यांनी आधीच्या निरीक्षणांना कोणतीही नोंद न करता जोडली होती, आणि त्या रात्रीपासून प्रकाशवक्र ०.०४ प्रतीने (प्रत म्हणजे तेजाचे लॉगरिदमवर आधारलेले माप) खाली सरकला होता. शेजारच्या, एरवी स्थिर असलेल्या ताऱ्यांतही त्याच रात्री तेवढीच पायरी दिसत होती. त्यांचे आलेख जोडून पाठवले, तरी ‘माहितीपत्रक पाहावे’ एवढेच उत्तर येत राहिले, आणि माहितीपत्रकात त्याबद्दल एक ओळही नव्हती. प्रारूपाला पायरी आणि तबकडीतला खरा चढउतार यांतला फरक कळत नाही. पायरीमुळे कमी वारंवारतेची शक्ती, म्हणजे संथ चढउतारांचा वाटा, फुगते आणि टाऊ लांबतो. याउलट, छापील त्रुटी खऱ्यापेक्षा कमी असतील, तर उरलेला गोंगाट जलद चढउतार म्हणून मोजला जाऊन टाऊ आखडतो. म्हणून वाढीव श्वेत गोंगाटाचे (एकमेकांशी संबंध नसलेल्या यादृच्छिक त्रुटींचे) एक पद प्रारूपात ठेवावेच, आणि शेजारचे दोन-चार तारे तपासल्याशिवाय कोणत्याही अभिलेखागाराच्या आकड्यांवर विसंबू नये.

प्रारूप फ्लक्सवर (थेट मोजलेल्या प्रकाशप्रवाहावर) न बसवता प्रतीवर बसवावे, असेही सुचवतो. ल्युबार्स्की यांच्या १९९७ च्या मांडणीप्रमाणे तबकडीच्या बाहेरच्या भागातील संचयनदराचे (वायू आत पडण्याच्या दराचे) चढउतार आत सरकताना एकमेकांना गुणत जातात, त्यामुळे फ्लक्सचा लॉगरिदम घेणेच स्वाभाविक ठरते. क्ष-किरण द्वैती ताऱ्यांवर (जिथे कृष्णविवर किंवा न्यूट्रॉन तारा जोडीदार ताऱ्याचा वायू ओढून घेतो) मी काम केलेले नाही. तिथल्या जाणकारांचे मत वेगळे असू शकेल.

वस्तुमानाचेच म्हणाल, तर बर्क आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मांडलेला टाऊ आणि वस्तुमान यांच्यातील संबंध ६७ सक्रिय दीर्घिकांवरून काढलेला आहे. त्यातील विखुरण पाहता एकट्या क्वेसारच्या वस्तुमानासाठी मी वर्णपटातील रुंद रेषांकडेच (ज्यांच्या रुंदीवरून वायूचा वेग कळतो) वळेन, आणि शोधनिबंधात टाऊची केवळ खालची मर्यादा देईन.