मित्राच्या पहिल्या कवितासंग्रहावर बोलायचंय. ‘अप्रतिम’, ‘भावस्पर्शी’ याशिवाय काय बोलावं?

तुमचा प्रश्न असा आहे: सोलापुरातच प्रकाशन समारंभ आहे, दहा मिनिटं मिळणार आहेत, कौतुक मनापासून करायचंय पण खोटं बोलायचं नाही, आणि समीक्षेचं शिक्षण नाही.

शिक्षण नसलं तरी चालतं. ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे. आपल्या गावात उर्दू मुशायऱ्याला कधी गेला असाल तर आठवून बघा. तिथे दाद शेवटी मिळत नाही, नेमक्या शेराला मिळते. आवडला की ऐकणारा ‘मुकर्रर’ म्हणतो आणि शायराला तो शेर पुन्हा म्हणावा लागतो. कुठे आवडलं हे तिथेच ठरतं. आपल्या मराठी कविसंमेलनात सगळ्या कवितांना शेवटी सारख्याच टाळ्या पडतात, त्यामुळे कवीला घरी जाताना काहीच कळलेलं नसतं. शाहीर राम जोशी, कवी कुंजविहारी, दत्ता हलसगीकर ज्या गावचे, तिथे ऐकणाऱ्यांनी एवढी मेहनत घ्यायलाच हवी.

एक उदाहरण देतो. एका छोट्या बैठकीत सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू भाषकांच्या वस्तीतल्या एका मुलीने आईवर कविता वाचली होती. आई दारात बसून विड्या वळते. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं आणि तंबाखू. आई विड्या मोजते तेलुगूत आणि पोरींवर ओरडते मराठीत. मोजताना मधेच ओरडावं लागलं की आकडा चुकतो, मग पुन्हा पहिल्यापासून. कवितेतही ते आकडे तसेच येतात: ओकटी, रेंडू, मूडू, मग मराठीत एक शिवी, मग पुन्हा ओकटी. विड्यांची मजुरी हजारावर मिळते हे ज्याला माहीत आहे त्याला त्या चुकलेल्या आकड्याचा अर्थ सांगावा लागत नाही. कष्ट, गरिबी यातला एकही शब्द तिने वापरला नव्हता, तरी सगळं कळत होतं.

आणि मग शेवटचं कडवं आलं, ‘श्रमाला सलाम’ वगैरे. ते कडवं तिचं नव्हतं, सभेचं होतं. बैठकीत सगळे म्हणाले, छान, हृदयाला भिडली. मी तिला म्हटलं, मोजणं पुन्हा सुरू होतं तिथेच कविता पूर्ण होते, पुढचं काढून टाक. हे परीक्षणच झालं, आणि माझ्या लेखी त्या कवितेचा सगळ्यात मोठा गौरवही तोच. तिने काय लिहिलंय हे कोणीतरी नीट ऐकलं होतं.

तुम्हीही तसंच करा. सगळ्या संग्रहाचा आढावा घेऊ नका. दोन कविता निवडा आणि व्यासपीठावर पूर्ण वाचा. त्याआधी घरी मोठ्याने वाचून बघा, कारण मुक्तछंदात श्वास कुठे तुटतो ते डोळ्यांना दिसत नाही. मग जी ओळ थांबवते ती सांगा आणि का थांबवते तेही सांगा. जे कळलं नाही ते मित्राला आधीच विचारा, त्यात कमीपणा नाही. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) या मुंबईच्या वेश्यावस्तीतल्या जगावरच्या कवितासंग्रहाला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली तेव्हा न कळलेल्या शब्दांचे अर्थ त्यांनी कवीलाच विचारले होते, आणि प्रस्तावनेत ते लपवलं नाही. ‘हे जग माझ्या ओळखीचं नाही’ असं मोठ्या लेखकाने मान्य केलं, म्हणून तर वाचकालाही त्या कवितेत पाऊल टाकायचा धीर आला.

‘मर्ढेकरांची आठवण झाली’, ‘ग्रेसांच्या वळणाची’ असली वाक्यं शक्यतो टाळा. त्यातून नव्या कवीबद्दल काहीच कळत नाही.

उणं सांगायचं तर एकच सांगा, तेही ओळ वाचून दाखवून. समारंभात फक्त गोडच बोलायचं ही पद्धत मला मान्य नाही, पण त्या दिवशी त्याचे आईवडील समोर बसलेले असतील हेही खरं. बाकीचं कागदावर लिहून त्याला द्या. आणि भाषण चांगलं जमलं तर तेच थोडं वाढवून ‘कविता-रती’सारख्या नियतकालिकाला पाठवा. पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ साली धुळ्याहून ते फक्त कवितेसाठी सुरू केलं, आणि नव्या कवीवर नीट लिहिलेला मजकूर वाचणारे लोक तिथे आहेत.