अरबीतल्या ‘ह-स-ल’ धातूचा मूळ अर्थ काय, त्यापासून कोणकोणते शब्द होतात, आणि महसूल व वसूल एकाच धातूचे आहेत का?

नाही, एकाच धातूचे नाहीत. महसूल ‘ह-स-ल’चा आणि वसूल ‘व-स-ल’चा. तुमच्या प्रश्नाचं शेवटचं टोक मी आधी धरलं, कारण याच मुद्द्यावरून माझं पूर्वी चांगलंच वाजलेलं आहे आणि तेव्हा मला पुरतं बोलू दिलं गेलं नव्हतं.

आधी धातू, म्हणजे ज्यापासून शब्द घडतात ती तीन मूळ अक्षरं. यातला ह घशातून येणारा आणि स जाड, ज्याला ‘साद’ म्हणतात तो. आपल्या एका ‘स’मागे अरबीतली तीन अक्षरं उभी असतात, म्हणून देवनागरीत लिहिलेल्या शब्दावरून धातू ताडायला जाऊ नका. हिशेबाचा मूळ स ‘सीन’ आहे, महसुलाचा ‘साद’.

मूळ अर्थाबद्दल जुन्या कोशकारांतच दोन मतं दिसतात. इब्न फारिस (मृत्यू इ.स. १००४) म्हणतो की या तीन अक्षरांचं मूळ एकच, आणि ते म्हणजे गोळा करणं. पाखराच्या गळ्याशी दाणे साठवायची जी पिशवी असते तिला ‘हौसला’ म्हणतात ते त्यामुळेच, असं त्याचं म्हणणं. हाच शब्द फारसीत गेला तेव्हा त्याचा अर्थ धीर, सोसण्याची ताकद असा झाला आणि उर्दूत तो हिंमत झाला. पण तोच इब्न फारिस पुढच्याच वाक्यांत नोंदवतो की भाषेच्या जाणकारांपैकी काहींच्या मते तहसील म्हणजे मुळात दगडातून किंवा खाणीच्या मातीतून सोनं-चांदी वेगळी काढणं, आणि हे काम करणारा तो ‘मुहस्सिल’.

मी या दुसऱ्या बाजूची आहे. इब्न मंजूरने १२९० मध्ये ‘लिसान अल-अरब’ हा प्रचंड कोश पुरा केला, त्यात ‘हासिल’चा अर्थ असा दिला आहे: कुठल्याही गोष्टीतलं बाकी सगळं निघून गेल्यावर जे टिकून उरतं ते, मग तो हिशेब असो की माणसाची कर्मं. त्याच धातूखाली ‘हुसाला’ शब्द आहे: धान्य उचलून नेल्यावर खळ्यात झाडून जे निघतं ते. आपण त्याला मातेरं म्हणतो. चरताना पोटात माती जाऊन साचली आणि घोडा दुखण्याला आला, तर त्यालाही याच धातूचं क्रियापद आहे. कुराणात १०० व्या सूरेत ‘व हुस्सिला मा फिस्सुदूर’ असं येतं, म्हणजे छातीत जे दडलेलं आहे ते बाहेर काढलं जाईल तेव्हा. या सगळ्यांत गोळा करणं दुय्यम आहे. चाळून, निवडून, बाकीचं गेल्यावर हाती जे उरलं ते महत्त्वाचं. शेतसाऱ्याला हा शब्द का चिकटला ते मग आपोआप कळतं.

आता माझी गोष्ट.

माझे वडील निजामाच्या राज्यात गिरदावर, म्हणजे महसूल खात्यातले फिरते तपासणीस, होते. हैदराबाद संस्थानात कारभाराची भाषा आधी फारसी आणि १८८० च्या दशकापासून उर्दू. त्यांचं शिक्षणही उर्दूतच झालं, आणि मौलवीसाहेबांनी त्यांच्याकडून अरबी शब्दांचे ‘वजन’ घोकून घेतले होते. वजन म्हणजे शब्दांचे साचे: तीन मूळ अक्षरं घ्यायची आणि ठरलेल्या साच्यात बसवायची. फाइल, मफऊल, तफईल, फुऊल. आमच्या घरी पाढ्यांच्या बरोबरीने हे पाठ करावं लागे. मुलीला हे कशाला, असं आजी म्हणायची. वडील, म्हणजे आमचे दादा, ऐकायचे नाहीत. पुढे मी मराठवाड्यातल्याच एका तहसील कचेरीत नोकरीला लागले आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. जुने उर्दू कागद घेऊन लोक यायचे तेव्हा ते वाचायला मलाच हाक मारत.

आपल्या राज्यात १ ऑगस्टला महसूल दिन असतो. एका वर्षी त्या निमित्ताने स्मरणिका काढायचं ठरलं आणि ‘महसूल’ या शब्दावर दोन पानं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी हरखून गेले. दादा तेव्हा थकले होते, पण ट्रंकेतून त्यांनी एक पावती काढून दिली. जाड, पिवळ्या पडलेल्या कागदावर मुन्शीची घाईघाईची शिकस्त, म्हणजे उर्दू-फारसीतलं तुटक धावतं अक्षर. वरच्या ओळीत ‘बाबत महसूल’, खाली रक्कम, आणि सगळ्यात शेवटी ‘वुसूल शुद’, म्हणजे पोचले. दादा म्हणाले, “दोन्ही एकच असते तर मुन्शीने दोनदा कशाला लिहिलं असतं? महसूल म्हणजे जमिनीतून जे निघालं, देणं झालं ते. वसूल म्हणजे ते इथपर्यंत येऊन पोचलं.” व-स-ल म्हणजे पोचणं, जोडलं जाणं. इराकमधल्या मोसूल शहराचं अरबी नाव ‘अल-मौसिल’ याच धातूचं, जोडणारी जागा. आपली ‘वासलात’ हीही त्याचीच: हिशेबात पोचलेल्या रकमा, त्यावरून हिशेबाचा निकाल, आणि मग कशाचीही वासलात लावणं.

मी हे सगळं लिहून दिलं. स्मरणिकेच्या संपादनाला बाहेरून एक निवृत्त मराठीचे प्राध्यापक बोलावले होते. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. छापून आलं तेव्हा माझ्या नावाखाली मी न लिहिलेलं वाक्य होतं: ‘महसूल म्हणजे महा अधिक वसूल, मोठी वसुली, हा मुळात आपलाच शब्द असून परकी अमदानीत त्यावर फारसी वेश चढला.’ पावतीचा परिच्छेद गायब होता. मी त्यांना भेटायला गेले. ते म्हणाले, “बाई, उर्दू वाचता येणं हे मुन्शीचं काम. व्युत्पत्ती हे शास्त्र आहे.” आमचे साहेब म्हणाले, एका शब्दापायी वाद वाढवू नका, कार्यक्रम तोंडावर आहे. प्रती वाटल्या गेल्या.

दादांनी चष्मा लावून ते पान वाचलं आणि विचारलं, “हे तू लिहिलंस?” मी नाही म्हटलं, काय झालं ते सांगितलं. त्यांनी पेन्सिल मागितली आणि समासात उजवीकडून डावीकडे तीन-तीन सुटी अक्षरं लिहिली, वर हे-साद-लाम, खाली वाव-साद-लाम. पहिल्या अक्षराखाली दोन्हीकडे रेघ ओढली. मग त्यांनी प्राध्यापकांना चार ओळींचं पत्र घातलं. त्यात त्यांनी एकच विचारलं होतं: महसुलातला म जर ‘महा’चा असेल, तर मजकूर म्हणजे महा अधिक जकूर का? मंजूर, मशहूर, मशगूल, मजबूत यांतल्या म चं काय करायचं? पत्राला उत्तर आलं नाही. आज दादा नाहीत आणि प्राध्यापकही नाहीत, पण ती स्मरणिका अजून लोकांच्या कपाटात आहे आणि त्यावर माझं नाव आहे.

त्या पत्रातला प्रश्न बिनतोड होता असं मला आजही वाटतं. मफऊल हा साचा आहे. ‘ज-क-र’ म्हणजे उल्लेख, त्याचं मजकूर, म्हणजे उल्लेखिलेलं. ‘न-ज-र’वरून मंजूर. तसं ‘ह-स-ल’वरून महसूल, हाती आणलेलं. यातला म साच्याचा आहे, धातूचा नाही. वसूल मात्र मूळचा ‘वुसूल’, फुऊल साच्याचा, हुजूर आणि जुलूस यांच्या रांगेतला. त्यातला व धातूचाच. त्याला ‘मह’ जोडून महसूल होत नाही, कारण मग तो व जातो कुठे?

तहसील तफईल साच्याची: तपशील, तजवीज, तालीम, तसवीर यांच्या ओळीत बसते. अर्थ हासिल करण्याची क्रिया, म्हणून उगवणी (साऱ्याची वसुली), आणि जिथपर्यंतची उगवणी एका कचेरीत जमा होते तो मुलूखही तहसील. मुंबई इलाख्यात त्याच कामाचा अधिकारी मामलेदार. तो धातू वेगळा, ‘अ-म-ल’, म्हणजे अंमल आणि मामला यांचा. आज महाराष्ट्रभर तहसीलदार आहे, गोव्यात अजून मामलेदार.

हासिल फाइल साच्याचा: हजर, दाखल, जाहीर, साहेब यांच्यासारखा. त्याचंच आपलं ‘हशील’. ‘आता बोलून काय हशील?’ म्हणताना आपण इब्न मंजूरचा अर्थ जसाच्या तसा वापरतो: सगळं होऊन गेल्यावर उरणार काय? याच शब्दाला कर, आकार असाही अर्थ आला, म्हणून जुन्या छापील कागदांवर ‘टपाल हंशील’ दिसतं.

हेच शब्द इतर मुलखांत पाहिले की मला फार आनंद होतो. इराणात तहसील म्हणजे शिक्षण, आणि तिथला ‘मोहस्सेल’ म्हणजे विद्यार्थी. उस्मानी तुर्कांच्या राज्यात मुहस्सिल हा कर गोळा करणारा अधिकारी. आजच्या तुर्कीत तहसील शिक्षणालाही चालतो आणि पैशाच्या वसुलीलाही. आजच्या अरबीत महसूल म्हणजे शेतातलं पीक, ‘हसीला’ म्हणजे एकूण निष्पत्ती, आणि मुलांच्या पैसे साठवायच्या डब्याला ‘हस्साला’. कराचा अर्थ आपल्याकडे घट्ट बसला तो कचेरीमुळे. अरबी पंडितांचा एक वाक्प्रचार दादांना फार आवडायचा, ‘तहसील अल-हासिल’: जे मिळालेलंच आहे ते पुन्हा मिळवत बसणं. पाठवलेलीच माहिती वरून पुन्हा मागवली गेली की ते हेच म्हणायचे.

तुम्ही अभ्यास म्हणून हे करत असाल तर माझं ऐका: आधी साचे पाठ करा, शब्द मागाहून. शेवटी ‘स-ल’ असलेले चार धातू कचेरीत रोज भेटतात. असल, वसूल, महसूल, फसली (महसुली वर्ष). अ-स-ल म्हणजे मूळ, व-स-ल म्हणजे पोचणं, ह-स-ल म्हणजे हाती उरणं, फ-स-ल म्हणजे वेगळं करणं. फसल, फैसला आणि तपशील ही तिन्ही शेवटच्याची लेकरं आहेत. साचे येत असतील तर हे चार एका बैठकीत सुटतात. येत नसतील तर माणूस ‘महा अधिक वसूल’ म्हणतो, मग तो कितीही शिकलेला असो. आणि शब्द आपल्या भाषेत शेकडो वर्षं नांदला की तो आपलाच झाला. त्याला आपला म्हणण्यासाठी खोटी संस्कृत कुळी चिकटवायची गरज काय? महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ हे नाव मराठीच आहे.

काही गोष्टी न्यायाच्या म्हणून सांगायला हव्यात. मराठीत ‘महसूल वसूल करणे’ हे इतकं रुळलं आहे की बोलणाऱ्याला दोन्ही शब्द एकमेकांचे वाटणं स्वाभाविक आहे. माझं भांडण त्या वाटण्याशी नाही, ते शास्त्र म्हणून छापण्याशी आहे. ‘गोळा करणं’ हा अर्थ मी मागे ढकलला खरा, पण इब्न फारिसने पहिला मान त्यालाच दिला आहे आणि तो माझ्याहून कितीतरी मोठा माणूस. ‘हौसला’त मधे एक वाव जास्तीचा आहे, म्हणून त्याला चार अक्षरांचा स्वतंत्र धातू मानायलाही जागा आहे. ‘लिसान’मध्ये मात्र तो ह-स-लच्या खालीच सापडेल.

क्रियापदांचे सगळे बाब, म्हणजे एकाच धातूपासून क्रियापदं घडवायचे ठरलेले प्रकार, तुम्ही विचारले असतील तर ते मी इथे दिलेले नाहीत. या धातूचे पहिला, दुसरा, पाचवा आणि दहावा एवढे आधी पाहा: हसल, हस्सल, तहस्सल, इस्तहसल. मराठीतून पाहायचं तर माधव जूलियन यांचा १९२५ चा फारसी-मराठी कोश मिळवा.