अंगणातलं गवत आणि डिपॉझिटमधून कपात

प्रश्न: पार्ल्यात एका जुन्या बंगल्याचा तळमजला आम्ही अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर घेतला आहे. पावसात पुढच्या लॉनवर गुडघाभर गवत माजलं. मालक म्हणतात, "लॉन तुम्ही सांभाळायचं, असं जागा देतानाच सांगितलं होतं. डिपॉझिटमधून अठरा हजार कापीन." आंब्याची फांदीही आम्हीच छाटावी म्हणतात. करारात लॉनचा उल्लेख नाही.

उत्तर: आधी करारातलं जागेचं वर्णन पुन्हा वाचा. अंगण त्यात आहे का? असेल, तर गवत कापणं, पाणी घालणं एवढी निगा वापरणाऱ्याने राखावी हे म्हणणं मला रास्त वाटतं. फक्त तळमजल्याच्या खोल्या लिहिल्या असतील, तर मालकांची बाजू लंगडी पडते.

लॉनचं गवत कोणी कापायचं, हे आपल्या भाडे कायद्यात लिहिलेलं नाही, त्यामुळे सगळी भिस्त कागदावर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार लेखी करारात जे नमूद आहे त्याचा तो निर्णायक पुरावा ठरतो. जे लिहिलंच नाही, ते तोंडी ठरलं होतं हे मालकांना सिद्ध करावं लागेल. करार नोंदवलेला आहे ना, तेही तपासा. कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. ती झाली नसेल, तर अटींबाबत तुमचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

आता अठरा हजारांचं. डिपॉझिट तुमचा पैसा आहे. मनाला येईल तो आकडा त्यातून वळता करता येत नाही. कशाचे किती, माळ्याची पावती कुठे, हे व्हॉट्सअॅपवर नको, ईमेलवर विचारा. वाढलेलं गवत म्हणजे नुकसान नव्हे, ते कापलं की प्रश्न मिटतो. म्हणून या आठवड्यातच माळी बोलवा, आधीचे-नंतरचे फोटो काढा, पावती ठेवा आणि 'जबाबदारी मान्य न करता काम करून घेतलं' असं मालकांना कळवा. वाद चालू असला तरी कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नका. घरात मुलं असतील तर डेंग्यू निकालाची वाट पाहत नाही.

फांदीला मात्र हात लावू नका. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाडाला इजा करणंही 'झाड तोडणं' यातच मोडतं. महापालिकेच्या उद्यान खात्याकडे अर्ज मालकांनीच करावा. त्यांनी आग्रह धरला तर परवानगीची प्रत मागा.

नवा करार करताना माळ्याचा पगार कोण देणार, हे एका ओळीत लिहून घ्या. सही त्यानंतरच करा.