‘बरे झाले’, ‘उतार पडला’ की ‘गुण आला’?

प्रश्न: बुलिमिया (अनावर खाणे आणि मग ते मुद्दाम बाहेर काढणे, हा आजार) यावरील मानसोपचाराच्या एका अभ्यासात सीबीटी, म्हणजे विचार व वर्तन बदलण्यावर भर देणारा संवादोपचार, याच्या यशाचे २९, ४५ आणि ४८ टक्के असे तीन आकडे दिले आहेत. अनुवाद करताना तिन्ही ठिकाणी ‘रुग्ण बरे झाले’ असे लिहिले तर चालेल का?

उत्तर: चालणार नाही. हा अभ्यास अमेरिकेतील स्टॅनफर्ड आणि कोलंबिया या विद्यापीठांत २२० रुग्णांवर झाला व २००० साली प्रसिद्ध झाला. सीबीटीची तुलना त्यात नातेसंबंधांवर भर देणाऱ्या आंतरवैयक्तिक उपचाराशी केली होती. मागील चार आठवड्यांत अनावर खाण्याचा झटका किंवा त्यानंतरचे मुद्दाम केलेल्या उलटीसारखे प्रकार यांपैकी काहीही एकदाही घडले नाही, तरच रुग्ण ‘बरा’ मानला गेला. हेच प्रकार आठवड्यातून दोनदांपेक्षा कमी घडत असतील, तर निकष सैल झाला आणि आकडा ४८ वर गेला. तेथे ‘उतार पडला’ हाच प्रयोग योग्य, कारण ताप उतरला म्हणजे गेला असे मराठीत कोणी समजत नाही.

२९ आणि ४५ मध्ये निकष एकच आहे, छेद मात्र वेगळा. पहिल्यात उपचार मध्येच सोडणारेही मोजले आहेत, दुसऱ्यात शेवटपर्यंत टिकलेलेच. म्हणून ‘उपचार सुरू केलेल्यांपैकी’ आणि ‘पूर्ण केलेल्यांपैकी’ ही पदे वाक्यात हवीतच. वृत्तपत्रे ती जागेअभावी गाळतात आणि वाचकाला मोठा आकडा तेवढा लक्षात राहतो.

‘गुण आला’ हा प्रयोग सर्वांत जपून करावा, कारण त्यात श्रेय उपचाराच्या पदरी टाकलेले असते. केवळ प्रतीक्षायादीवर ठेवलेल्या रुग्णांशी तुलना केली, तर गुण त्या विशिष्ट उपचाराचा की कोणीतरी दर आठवड्याला आस्थेने ऐकून घेतल्याचा, हे कळत नाही. वरील अभ्यासात दोन्ही गटांना उपचार मिळाले, त्यामुळे ती शंका कमी होते. पण उपचार संपताना बरे झालेल्यांत सीबीटीचे २९ विरुद्ध आंतरवैयक्तिक उपचाराचे ६ टक्के अशी असलेली तफावत पुढील वर्षभराच्या पाठपुराव्यानंतर संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठळक राहिली नाही. तेव्हा ‘सीबीटीने अधिक रुग्णांना गुण आला’ या वाक्यात ‘उपचार संपतेवेळी’ हे शब्द घालावेत. आपल्याकडे ज्याला ‘हातगुण’ म्हणतात, तो उपचारकागणिक बदलू नये म्हणून अशा चाचण्यांत लिखित पद्धतीप्रमाणे उपचार देतात आणि त्यावर देखरेख ठेवतात. रोजच्या दवाखान्यात तशी व्यवस्था क्वचितच असते.